वस्तादाविना तालीम

चित्रात दोन माणसं आहेत. अंगावर कपडे जवळजवळ नाहीत, स्नायू शिल्पासारखे कोरलेले. एकाने उजवा पाय लांब टाकून झेप घेतली आहे आणि त्याच्या तलवारीचं टोक समोरच्याच्या तोंडावर बसलं आहे. समोरच्याचं पातं वाट चुकून बाजूला गेलं आहे. रिदोल्फो कापोफेर्रो नावाच्या इटालियन वस्तादाने १६१० साली सिएना शहरात छापलेल्या ग्रंथातलं हे सातवं चित्र. सोबतचा मजकूर वाचला की आधीची गोष्ट कळते. ज्याला लागलं आहे त्याचं पातं दुसऱ्याने आधीच काबूत घेतलं होतं. ते सोडवून वार करायला तो निघाला आणि त्याच हालचालीत दुसऱ्याने त्याला गाठलं.

पण मजकूर इथे थांबत नाही. ज्याला लागलं तो जर चतुर असता, असं वस्ताद पुढे सांगतो, तर त्याने पातं सोडवण्याची नुसती हूल दिली असती आणि अंग जरा मागे राखलं असतं. दुसरा बेधडक आत आला असता. मग त्याचा वार बाजूला सारून यानेच त्याला मारलं असतं. म्हणजे चित्र आहे हरणाऱ्याचं, आणि धडा आहे त्याने काय करायला हवं होतं याचा. धड्याचा हा अर्धा भाग चित्रात कुठेच नाही. तो वाचणाऱ्याने स्वतःच्या हातापायांनी शोधायचा.

अशा पानावरून कुणी रेपियर, म्हणजे चित्रातली ही लांब तलवार, चालवायला शिकू शकतं का? गेली तीसेक वर्षं युरोपात आणि अमेरिकेत हजारो माणसं हेच करू पाहत आहेत. इंग्लंडमध्ये नोकरीला असताना मीही त्यांच्यात सामील झाले आणि परत आल्यावर पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर ते चालू ठेवलं आहे. या खटपटीतून आजवर काय हाती लागलं, कुठे वाद अडकले आहेत आणि माझ्या मते कुठे वाट चुकते आहे, याचा हा आढावा.

कोल्हापूरच्या तालमीत दांडपट्टा शिकणारं पोर वस्तादाकडे बघून शिकतं. तो वस्ताद त्याच्या वस्तादाकडे बघून शिकलेला असतो. हात कुठे वळवायचा ते शब्दांत सांगता आलं नाही तरी अडत नाही, कारण हात समोर असतो. रेपियरचं नेमकं उलट आहे. पुस्तकं भरपूर, तीही देखणी आणि सविस्तर, पण ती ज्यांच्या हातात होती त्यांची साखळी तुटली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपच्या बऱ्याच भागांत ही लांब तलवार मागे पडली आणि तिच्या जागी छोटी, हलकी तलवार आली. शिकवणारे त्या नव्या तलवारीकडे वळले. तिथून पुढे सरावाची फॉइल आली आणि शेवटी १८९६ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेली आजची तलवारबाजी. कला अखंड चालू राहिली, पण ज्या हत्यारासाठी ही पुस्तकं लिहिली गेली त्याचा हात हरवला.

ते हत्यार हातात घेतल्यावर पहिल्यांदा आश्चर्य वाटतं ते वजनाचं. सिनेमात रेपियर काडीसारखी फिरते. प्रत्यक्षात ती एक ते सव्वा किलोच्या आसपास असते आणि मुठीपासून टोकापर्यंत एकशेदहा ते सव्वाशे सेंटिमीटर लांब. आजच्या स्पर्धेतल्या एपे तलवारीला ७७० ग्रॅमची कमाल मर्यादा आहे, यावरून फरक लक्षात यावा. मात्र रेपियरचा तोल मुठीजवळ असतो. पकडताना तर्जनी आडव्या दांड्यावरून पुढे जाऊन पात्याच्या बोथट मुळाला वेढा घालते, आणि बाहेर आलेल्या त्या बोटाचं रक्षण करायला लोखंडी कड्या असतात. त्या एका बोटामुळे टोक इतकं नेमकं वळतं, की सव्वा किलोचं लोखंड आपण लेखणीसारखं धरलं आहे असं वाटू लागतं. पंधरा मिनिटं. मग खांदा भरून येतो.

नावाचाही घोळ आहे, आणि तो नुसता शब्दांपुरता नाही. इटालियन वस्ताद आपल्या हत्याराला साधं ‘स्पादा’ म्हणतात, म्हणजे तलवार. स्पॅनिशमध्ये ‘एस्पादा रोपेरा’ असा शब्द आहे, पोशाखाबरोबर बाळगायची तलवार. जाकोमो दी ग्रासी याने १५७० मध्ये इटालियनमध्ये पुस्तक लिहिलं. त्याचा इंग्रजी अनुवाद १५९४ मध्ये लंडनला छापला गेला तेव्हा अनुवादकाने ‘स्पादा’च्या जागी सरळ ‘रेपियर’ घातलं, कारण लंडनमध्ये तेव्हा तीच फॅशन होती. पुढचे इंग्रजी वाचक दी ग्रासीला रेपियरचा वस्ताद समजून वाचू लागले. त्याच्या मनातली तलवार बहुधा जास्त रुंद आणि वारांना जास्त उपयोगी होती. योआखिम मायर या जर्मन वस्तादाच्या १५७० च्या ग्रंथात ‘रॅपियर’ हा शब्द आहे, पण त्याची रॅपियर भोसकते तितकीच कापतेही. कुठल्या पुस्तकातलं पातं कसं होतं हे ठरवल्याशिवाय त्यातला एकही डाव नीट वाचता येत नाही, हा पहिला धडा मला या अनुवादानेच दिला.

पुस्तकांची यादी मोठी आहे. सगळी इथे घेण्यात अर्थ नाही. सुरुवात करावी ती कामिल्लो आग्रिप्पापासून. हा मूळ मिलानचा, रोममध्ये राहणारा, पेशाने स्थापत्याचा आणि यंत्रांचा माणूस. त्याने १५५३ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं आणि जुन्या वस्तादांचे डौलदार नावांचे ढीगभर पवित्रे बाजूला सारून चारच ठेवले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. म्यानातून तलवार उपसल्यावर हात जिथे वर थांबतो तो पहिला; मग हात खाली येत आणि वळत जातो तसे पुढचे तीन. आज क्रीडा-तलवारबाजीत जे आकडे शिकवले जातात त्यांचं मूळ या क्रमात आहे. जो तालमीत वाढला नव्हता त्याने वस्तादांची परिभाषा झाडून साफ केली, आणि वस्तादांनी ती स्वीकारली.

खरा बहर १६०६ ते १६१० या पाच वर्षांत आला. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियान याच्या पदरी असलेला पदुआचा साल्वातोर फाब्रिस याने १६०६ मध्ये कोपनहेगनला सुमारे १९० कोरीव चित्रांचा अवाढव्य ग्रंथ काढला. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये निकोलेत्तो जिगांती याचं त्यामानाने आटोपशीर पुस्तक आलं, आणि १६१० मध्ये कापोफेर्रोचं. जिगांती मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो शिकवणाऱ्याच्या आवाजात बोलतो: आधी हे, ते जमलं की मग हे. पुढे दुसरं पुस्तक देईन असं त्याने आश्वासन दिलं होतं. ते कधी निघालंच नाही, असं अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या धरून चालले होते. मग लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये ठेवलेल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहात १६०८ ची प्रत सापडली आणि २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद आला. चारशे वर्षं सर्वांनी ‘नाही’ म्हटलेलं पुस्तक कपाटात बसून होतं. या क्षेत्रात ‘पुरावा नाही’ असं कुणी ठामपणे म्हणालं की मला ते कपाट आठवतं.

आता अर्थ लावण्याची अडचण नेमकी कशी असते ते एका शब्दावरून सांगते. तो शब्द म्हणजे ‘स्ट्रिंजेरे’. कापोफेर्रोच्या पानापानावर तो येतो. शब्दकोशात अर्थ आहे आवळणं, जखडणं, दाटणं. शत्रूची तलवार आतल्या बाजूने ‘आवळा’ किंवा बाहेरच्या बाजूने ‘आवळा’, मगच पुढचं सगळं. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच अभ्यासकांनी याचा अर्थ पात्याने पातं दाबणं असा घेतला. मलाही तसंच शिकवलं होतं. आपल्या पात्याचा मुठीकडचा सबळ भाग त्याच्या टोकाकडच्या दुबळ्या भागावर ठेवायचा आणि रेटायचं.

करून पाहिलं की काय होतं ते सांगते. मी रेटते. समोरच्याला पात्यातून माझा जोर हाताला कळतो, अंधारात कुणी खांद्यावर हात ठेवल्यासारखा. तो फक्त बोटं सैल करतो, त्याचं टोक माझ्या मुठीखालून वाटीच्या कडेसारखं वळून पलीकडे येतं, आणि माझं रेटणारं पातं आधार गेल्यामुळे आपोआप बाजूला घसरतं. मी माझ्याच जोराने स्वतःला उघडं पाडलेलं असतं. कित्येक आठवडे हे असंच चाललं आणि मी माझ्या मनगटाला दोष देत राहिले.

मग जिगांती वाचला. तो सांगतो की आपलं पातं शत्रूच्या पात्यावर असं आणा की ते जेमतेम टेकेल. फाब्रिस आणखी पुढे जातो. स्पर्शच नको, कारण स्पर्श झाला की शत्रू सावध होतो. त्याचं पातं ‘सापडलं’ पाहिजे, म्हणजे तो सरळ आला तर माझा सबळ भाग आधीच वाटेत उभा असेल अशी जागा मी घेतली पाहिजे. एका बोटाचं अंतर ठेवून मी हे करू लागले तेव्हा समोरच्याची अवस्था बदलली. त्याला हाताला काही कळत नव्हतं, पण सरळ रस्ता बंद होता. पातं काढून घ्यायचं तर त्याला दृष्टीच्या भरवशावर आणि टप्प्याच्या आत हालचाल करावी लागत होती. त्या हालचालीला जितका वेळ लागतो तितकाच माझ्या झेपेला पुरेसा होता. हेच ते सातवं चित्र.

याचा अर्थ कापोफेर्रोचं ‘आवळणं’ म्हणजे जिगांतीचं ‘टेकवणं’ असं सिद्ध झालं का? नाही. कापोफेर्रो त्याच शब्दात अंतर आवळत आणणं, म्हणजे टप्प्यात शिरणं, हेही धरतो असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण एका वस्तादाचा शब्द दुसऱ्या वस्तादाच्या पुस्तकाने उलगडला, ही पद्धत तपासून घेतली पाहिजे. जिगांती व्हेनिसचा, कापोफेर्रो मूळ काल्यी गावचा आणि सिएनात शिकवणारा. दोघं एकच कला शिकवत होते असं आपण धरून चालतो. कदाचित नव्हतेही.

गाळलेल्या जागा भरताना असंच होतं. ही पुस्तकं पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासाठी नव्हती. चालायचं कसं, सरावाला काय करायचं, किती वेळा करायचं, हे त्या काळी तालमीत गेलेल्या कुणालाही ठाऊक होतं, म्हणून लिहिलं नाही. शिवाय ग्रंथ राजाला किंवा ड्यूकला अर्पण केलेला. तो नजराणाही होता आणि वस्तादाची जाहिरातही. आजचा अभ्यासक त्या रिकाम्या जागा आधी शिकलेल्या कशाने तरी भरतो. कुणी क्रीडा-तलवारबाजीच्या पदन्यासाने, कुणी जपानी तलवारीच्या सवयीने. इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींत याला ‘बेडकाचा डीएनए’ म्हणतात. ज्युरासिक पार्कमध्ये डायनॉसोरच्या तुटलेल्या जनुकांत बेडकाचे तुकडे घालतात ना, तसं. भरल्याशिवाय चालत नाही, हे मला मान्य आहे. पण कुठला तुकडा बेडकाचा आहे याची नोंद ठेवलीच पाहिजे, आणि बहुतेक वर्गांत ती ठेवली जात नाही.

मापाचं उदाहरण घ्या. कापोफेर्रो तलवारीची लांबी तीन प्रकारे सांगतो: हाताच्या दुप्पट, झेपेच्या लांब पावलाइतकी, आणि तळपायापासून काखेपर्यंत. तिन्ही मापं जुळतात असं त्याचं म्हणणं. एका रविवारी भिंतीला पाठ लावून मी स्वतःला मोजलं. उंची १६२ सेंटिमीटर. काख जमिनीपासून १२१. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात ६९, त्याची दुप्पट १३८, म्हणजे जुळत नाही. मनगटापर्यंत ५२, दुप्पट १०४, तेही नाही. मग मूठ आवळली आणि मुठीच्या मध्यापर्यंत मोजलं: ६१. दुप्पट १२२. तलवार धरलेला हात मुठीपर्यंतच असतो, हे त्या क्षणी इतकं उघड वाटलं की आधी का सुचलं नाही याचं नवल वाटलं. तिसरं माप, झेपेचं, अजून वादात आहे. टाचेपासून मोजायचं की बोटांपासून, यावरून वीतभर फरक पडतो. आणि ही लांबी पूर्ण तलवारीची की नुसत्या पात्याची यावर दोन तट आहेत. पूर्ण तलवारीची धरली तर संग्रहालयांतल्या लांब रेपियरशी मेळ बसतो, म्हणून मी त्या बाजूची आहे. वीस वर्षांनी ज्याचा ग्रंथ आला तो जेरार तिबो मात्र पात्याचं टोक जमिनीला टेकवल्यावर आडवा दांडा बेंबीशी यावा असं सांगतो. दोघांच्या तलवारींत मोठा फरक आहे. त्यामुळे तिबोचा डाव कापोफेर्रोच्या तलवारीने करून पाहून ‘हा चालत नाही’ असं म्हणणं हा अन्याय आहे.

फाब्रिसच्या चित्रांवरचा वाद मला सर्वांत जास्त शिकवून गेला. त्याची माणसं कमरेत इतकी वाकलेली असतात की छाती जवळजवळ मांडीवर येते, डोकं पुढे, तलवार डोक्याच्याही पुढे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की चित्रकाराने शरीराचे पीळ दाखवायचा हौसेचा खेळ केला आहे. पण मजकूर काढून वाचला तर फाब्रिस या वाकण्याची कारणं देतो: अंग लहान होतं, झाकायची जागा कमी उरते. मी तीन महिने तसं उभं राहायचा सराव केला. पहिला महिना मांड्यांनी नकार दिला. मग जाणवलं की या पवित्र्यात माझं तोंड माझ्याच मुठीच्या आड जातं, आणि समोरच्याला मारायला खरोखर फारशी जागा राहत नाही. शिवाय वाकलेलं अंग आधीच पुढे असल्यामुळे फाब्रिसच्या दुसऱ्या भागातला डाव, म्हणजे न थांबता चालत शत्रूच्या अंगावर जाणं, एकदम शक्य वाटू लागतो. सरळ उभं राहून तो डाव वेडेपणाचा वाटतो.

चित्र आणि सवय यांत भांडण लागलं तेव्हा मी सवयीची बाजू घेतली असती, तर ही गोष्ट मला कधीच कळली नसती. या विषयात दोन सोपे निष्कर्ष सतत मोहात पाडतात. एक, ‘मला हे चालतं, म्हणून वस्तादाला हेच म्हणायचं होतं’. चपळ माणसाला काहीही चालतं. दुसरा, ‘मला हे जमत नाही, म्हणून पुस्तकात चूक आहे किंवा चित्रकार चुकला’. मला दुसरा जास्त घातक वाटतो, कारण तो सावध चिकित्सेचा वेष घेऊन येतो. शंभर वेळा करून न जमलेल्या गोष्टीबद्दल मत द्यावं. तीन वेळा करून नाही.

एकोणिसाव्या शतकाने नेमकी ही चूक केली. एगर्टन कॅसल याचा १८८५ चा इंग्रजी ग्रंथ या अभ्यासाचा पाया मानला जातो, आणि जुनी पुस्तकं इतक्या आस्थेने जमवल्याबद्दल त्याचं ऋण आहेच. पण त्याच्या लेखी तलवारबाजीचा इतिहास म्हणजे ओबडधोबड सुरुवातीपासून फॉइलच्या परिपूर्णतेकडे चढत जाणारा जिना. फाब्रिस आणि कापोफेर्रो त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या. पायरीला कुणी प्रश्न विचारत नाही. त्याचा साथीदार आल्फ्रेड हटन जास्त हाताने शिकणारा होता. त्याने जुने डाव लोकांसमोर करून दाखवले आणि ते शिकवलेही. दोघांनंतर हा धागा जवळजवळ सुटला, तो विसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा हाती आला, ग्रंथालयांनी जुनी पुस्तकं स्कॅन करून सर्वांना खुली केल्यावर. कापोफेर्रो, फाब्रिस, तिबो यांचे इंग्रजी अनुवाद २००४ ते २००६ या तीन वर्षांत पुस्तकरूपाने आले. इटालियन न येणारा माणूसही पहिल्यांदाच स्वतः वाचू लागला.

स्पेनकडे यापेक्षा जास्त लक्ष जायला हवं होतं. तिथे हेरोनिमो सांचेझ दे कारान्साचा ग्रंथ १५८२ मध्ये आणि त्याचा अनुयायी लुईस पाचेको दे नार्व्हाएझ याचा १६०० मध्ये आला. त्यांची शाळा भूमितीची. अंग ताठ, हात खांद्याच्या उंचीवर सरळ समोर, कारण त्या काटकोनातच हात सर्वांत लांब पोचतो. आणि शत्रूभोवती कल्पिलेल्या वर्तुळावरून पावलं. हालचालींना ॲरिस्टॉटलच्या पदार्थविज्ञानातली नावं: वर जाणारी ती ‘बळाची’, खाली येणारी ती ‘स्वाभाविक’. त्या काळातही यावर टवाळी झाली. केव्हेदो या लेखकाने आपल्या कादंबरीत पाचेकोचं पुस्तक घोकणारा एक खुळा तलवारबाज रंगवला आहे. आजही बरेच जण वर्तुळं बघून पान उलटतात. याच पद्धतीने चालणाऱ्या तिबोच्या १६३० मध्ये बाहेर आलेल्या भव्य ग्रंथात तर जमिनीवरचं वर्तुळ इतकं गुंतागुंतीचं आहे की त्याला गूढ विद्येचा वास लागला. माझा अनुभव वेगळा आहे. गच्चीवर खडूने ते वर्तुळ काढलं की पाय कुठे ठेवायचा हे डोळ्यांना दिसतं, आणि पायांबद्दल इटालियन पुस्तकं फार कमी बोलतात. वर्तुळ म्हणजे वस्तादाने जमिनीवर ओढलेल्या रेघा आहेत. त्या पुसल्या गेल्या नाहीत हे आपलं भाग्य.

आता जी गोष्ट मला खरोखर सलते तिच्याकडे येते. जॉर्ज सिल्व्हर या इंग्रजाने १५९९ मध्ये रेपियरवर जळजळीत पुस्तक लिहिलं. लंडनमध्ये शिकवणाऱ्या इटालियन वस्तादांवर त्याचा राग होता. त्यातल्या व्हिन्चेन्त्सिओ साव्हिओलोला त्याने उघड सामन्याचं आव्हानही दिलं होतं, ते स्वीकारलं गेलं नाही. त्याच्या तक्रारीचं सार असं: रेपियरवाले लढतात आणि दोघंही मरतात. यात परक्यांविषयीचा आकस पुष्कळ आहे. पण आजच्या कुठल्याही रेपियर स्पर्धेला जाऊन पाहा. दोघांनाही एकाच वेळी लागण्याचं प्रमाण इतकं असतं की सिल्व्हर समोर बसला आहे असं वाटतं.

कारण उघड आहे. तोंडावर जाळी, गळ्याला पट्टा, अंगात जाड जाकीट, पात्याच्या टोकाला रबरी बोंड. लागलं तर एक निळा डाग. मरणाची भीती नसली की माणूस मारायला धावतो आणि झाकायचं विसरतो. शिवाय सरावाची पाती सुरक्षिततेसाठी वाकणारी केलेली असतात. जुनी बरीच ताठ होती. वाकणाऱ्या पात्यावर दाब नीट पोचत नाही, म्हणून ते काबूत घेण्याचा कंटाळा येतो. स्पर्धांच्या नियमांत दोघांना लागल्यास गुण कापण्याचे उपाय आहेत आणि ते असायलाच हवेत. तरी प्रश्न नियमांच्या आधीचा आहे. या ग्रंथांतली प्रत्येक युक्ती, पातं आधी सापडणं, वार करतानाच झाकलेलं असणं, टप्पा जोखणं, ही मारणाऱ्याने स्वतः जिवंत राहण्यासाठी आहे. म्हणून एखादं अर्थनिर्णयन दहा सामने जिंकून देत असेल आणि त्यातल्या पाचांत जिंकणाऱ्यालाही टोक लागत असेल, तर ते कापोफेर्रोचं नाही, फाब्रिसचं नाही, कुणाचंच नाही. ही कसोटी मला सर्वांत खरी वाटते, आणि ती लावायला वर्गात कुणी सहसा तयार नसतं, कारण ती लावली की जिंकलेले बरेच सामने हातातून जातात.

या तलवारींचा आपल्याशी एक अस्सल संबंध आहे. पोर्तुगीजांच्या व्यापारातून युरोपीय पाती कोकण किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनच्या कारागिरांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या. तीच फिरंग. सरळ, लांब, युरोपात घडलेलं पातं आणि मागे लांब सळई निघालेली, पूर्ण पंजा झाकणारी खंड्याची मूठ. या मुठीत तर्जनी पुढे काढायला जागा नसते. सगळी मूठ आवळली जाते, आणि आवळलेल्या मुठीत टोक नाचत नाही, खांद्यापासून वार फिरतो. एकाच जातीचं पातं युरोपीय मुठीत खोचायला लागलं आणि मराठी मुठीत तोडायला. नुसतं पातं सापडलं असतं, मूठ हरवली असती, तर त्या दोन विद्यांतली कुठली त्याची हे कुणालाही सांगता आलं नसतं. आपल्याकडे बडोद्याहून निघालेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त फरीगदगा, दांडपट्टा यांचे पवित्रे मांडलेले आहेत. ते ज्यांच्या हातात आहेत अशी माणसं अजून आहेत. पुस्तकातला पवित्रा आणि तालमीतला पवित्रा शेजारी ठेवून काय गाळलं गेलं, काय बदललं हे तपासायची सोय कापोफेर्रोच्या वाचकाला कधीच मिळणार नाही. आपल्याला ती आज आहे. हे काम कुणी पद्धतशीर हाती घेतलं तर रेपियरवाल्यांनाही त्यातून पुस्तक कसं वाचावं ते शिकता येईल.

आम्ही तिघी सध्या सातव्या चित्राच्या न काढलेल्या अर्ध्या भागावर आहोत. हूल द्यायची, अंग जरा मागे राखायचं. हे ‘जरा’ म्हणजे किती, त्यावर दोन महिने गेले. वजन पूर्ण मागच्या पायावर ठेवलं तर हूल खोटी दिसते आणि समोरची येतच नाही. पुढे राहिलं तर ती येते आणि टोक लागतं. गेल्या गुरुवारी मैत्रिणीने वजन हलवलंच नाही, फक्त पुढचा गुडघा किंचित सैल सोडला. मी आत गेले. तिने माझं पातं बाहेर सारलं आणि तिचं टोक माझ्या जाळीवर टक्‌कन वाजलं. माझं टोक तिच्या खांद्यावरून हवेत होतं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा दोघींना लागलं. वहीत तिन्ही लिहून ठेवलं आहे, गुडघ्याच्या कोनासकट.